अण्णांच्या वाटणीचा भात

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सध्या कावळ्यांची वाट बघणं चालू आहे. भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा लागला, की पाण्याच्या टाकीशेजारच्या कठड्यावर रोज कुणाचं ना कुणाचं पान येतं. केळीचं पान, त्यावर भाताची मूद, वडे, खीर, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, आणि बाजूला हात जोडून उभा असलेला, ऑफिसला उशीर झालेला एक माणूस. कावळे कमी झालेत, पण बोरीवलीत कबुतरं भरपूर. ती न बोलावता येतात. माणूस एका हाताने कबुतरं हाकलतो आणि दुसऱ्या हाताने कावळ्याला बोलावतो. मी वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे हा सोहळा मला घरबसल्या ऐकू येतो. काल तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ बराच वेळ "काव, काव" करून शेवटी वैतागले आणि म्हणाले, "ये ना यार आता!" मला हसू आलं. मग हातातलं काम तसंच राहिलं आणि मी खिडकीशी बसून राहिले.

हे दिवस मला कधीच आवडले नाहीत. गणपती गेलेले असतात, घरातली आरास उतरलेली असते, भिंतीला चिकटलेले रंगीत कागदाचे तुकडे तेवढे मागे उरतात. पाऊस जातो जातो म्हणत एखादी सर टाकून जातो आणि लगेच डोळ्यांत खुपणारं ऊन पडतं. ओल्या गवताचा उकडल्यासारखा वास येतो. चतुर उडत असतात. नवरात्राला अजून अवकाश असतो. मधले हे पंधरा दिवस ना सणाचे, ना सुतकाचे. माझ्या आयुष्यातला असाच एक पंधरवडा मला अजून पुरून उरला आहे. साल एक्कावन्न की बावन्न, एवढंही आता मला छातीठोक सांगता येत नाही. मी आठ वर्षांची होते. त्या पंधरवड्यातला भाताचा वास मात्र मला आत्ता, या क्षणी सांगता येईल.

परवा टीव्हीवर कुठल्याशा लढाईतली मुलं दाखवत होते. तळघरात बसलेली. एका मुलीच्या पुढ्यात तिची आई घास धरून बसली होती, आणि मुलगी ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघत होती. दुसरा एक मुलगा पाव खात नव्हता, तो शर्टाच्या आत लपवत होता. माझी सून म्हणाली, "बिचारी घाबरलीत ना, म्हणून जेवत नाहीत." मी हं म्हटलं. घाबरलेलं मूल जेवत नाही हे खरंच आहे. पण मूल नेमकं कशाला घाबरलंय, ते त्याच्या आईलाही ठाऊक नसतं. मोठ्यांना वाटतं बॉम्बला. बॉम्ब माझ्यापासून हजारो मैल लांब पडत होते. मी घाबरले होते ती मागच्या पडवीतल्या एका पितळी वाटीला.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सैन्यात होते. पण बंदूकवाले नव्हते, दवाखान्याकडचे होते. मलमपट्टी करायची, जखमा धुवायच्या, स्ट्रेचर उचलायचं. कोरियात लढाई लागली तेव्हा आपल्या देशाने तिकडे लढायला माणसं पाठवली नाहीत, जखमी बांधायला पाठवली, आणि त्यांत अण्णा गेले. तोवर आम्ही पलटणीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. जाताना त्यांनी आईला आणि मला बोरीवलीला मोठ्या काकांकडे आणून सोडलं. शाळेत मुली विचारायच्या, "तुझे वडील कुणाच्या बाजूने गं?" मी म्हणायची, "कुणाच्याच नाही." त्यांना ते पटायचं नाही. लढाईला गेलेला माणूस कुणाच्या तरी बाजूचा असायलाच हवा, असा त्यांचा आग्रह. एकीने तर सांगून टाकलं, "मग त्यांना दोघंही मारणार." ती पोरगी पुढे वकील झाली, असं ऐकलं.

तेव्हाची बोरीवली म्हणजे स्टेशनभोवती थोडी वस्ती, आणि मग शेतं, म्हशींचे गोठे, ताडाची झाडं, मागे डोंगर. गोराईच्या बायका होडीने खाडी ओलांडून भाजीच्या पाट्या घेऊन यायच्या, आणि त्यांच्या आवाजावरून किती वाजले ते कळायचं. काकांचं घर बैठं, कौलारू, भाड्याचं. दोन खोल्या, मागे पडवी, पडवीपुढे विहीर आणि चार केळी. काका फोर्टमध्ये कचेरीत कारकून. संध्याकाळी घरी आले की पायरीवर बसून पेपर मोठ्याने वाचायचे, आणि कोरियाची बातमी आली की आवाज खाली आणायचे. त्यामुळे मला नेमकं तेव्हाच कान टवकारायची सवय लागली. काकू मालवणकडची, अंगाने दणकट, तोंडाने फटकळ. तिचे दोन मुलगे माझ्याहून बरेच मोठे, ते मला खेळायला घ्यायचे नाहीत. आई ठाण्याची. क्वार्टरमध्ये असताना ती स्वयंपाक करता करता गुणगुणायची, माझ्या वेण्या घालताना गोष्ट सांगायची. बोरीवलीला आल्यावर ती गप्पच झाली. वेणी घालायची, पण वेणीची गोष्ट संपली. मी विहिरीच्या कठड्यावर बसून स्वतःलाच गोष्टी सांगायची, आणि शेवट आठवला नाही की पुन्हा पहिल्यापासून.

रेशनचे दिवस होते. तांदूळ कार्डावर मोजून मिळायचा, आणि तो लालसर, खड्यांनी भरलेला. काकूचा हात वाढायला सढळ, पण पातेल्यापुढे तीही काय करणार? आधी काका आणि मुलगे जेवायचे, त्यांच्या पंगतीला मी. मग काकू आणि आई. आम्ही जेवून उठलो की मला बाहेर पिटाळायचे, त्यामुळे आई जेवते कशी, किती, हे मी त्या घरात कधी पाहिलंच नाही.

ऐकलं मात्र होतं. शेजारच्या बायका दुपारी पायरीवर बसायच्या, गवार मोडायच्या आणि आईबद्दल बोलायच्या. आई आत असली तरी तिला ऐकू जाईल अशाच बेताने. "अन्न गोड लागत नाही हो तिला." "कसं लागेल? नवरा तिकडे बर्फात." "दोन घास खाते नि उठते. जीव आहे हो नवऱ्यावर." काकूही सांगायची, "मी डाव पुढे केलंय की हात आडवो. पुरे म्हणता." बोलताना काकूच्या आवाजात जावेचा चक्क अभिमान असायचा. नवरा लढाईवर असलेल्या बाईने कसं असावं, याचे त्या पायरीवर नियम ठरलेले होते, आणि माझी आई ते चोख पाळत होती.

एक गोष्ट मात्र ती रोज करायची. भाताचं पातेलं उतरलं की कुणाला वाढायच्या आधी एक डाव पितळी वाटीत काढायची, वर थोडी आमटी घालायची, ताटलीने झाकायची आणि वाटी मागच्या पडवीत खिडकीच्या फळीवर ठेवायची. "हा ह्यांचा," म्हणायची. पहिल्या दिवशी काकूने बघितलं आणि लुगड्याच्या पदराने डोळे पुसले. "ठेव गो. घरच्या मानसाचो वाटो काढूकच व्हयो." ही वाटीही पायरीवर पोचली आणि बायका हळहळल्या. अण्णांचा वाटा दुपारनंतर कुठे जातो, असा प्रश्न कुणी विचारला नाही. मलाही पडला नाही. देवापुढचा नैवेद्य जातो तिकडेच तो जात असणार.

मग म्हाळ आला. पितृपक्षातल्या श्राद्धाला आमच्याकडे म्हाळ म्हणतात. आजोबांची तिथी होती. क्वार्टरमध्ये असताना आमच्या घरी असलं काही होत नसे, त्यामुळे मी तो पहिल्यांदाच बघत होते. पहाटेपासून वड्यांचं पीठ, काळ्या वाटाण्याचं सांबार, खीर. रेशनच्या दिवसांतही काकूने कुठून कुठून गोळा करून पान भरलं होतं. काकांनी ते परसात उंच दगडावर ठेवलं, आणि सगळे भुकेले उभे राहिले, कारण कावळा पानाला शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. मी काकांना विचारलं, "हे कुणासाठी?"

"जी मानसा आता घरात नाय ना, तेंच्यासाठी."

"आणि कावळा कशाला?"

"तो नेऊन पोचवता."

तेवढ्यात एक कावळा आला, भातात चोच घातली, वडा उचलला आणि माडावर जाऊन बसला. काकांचा चेहरा उजळला. "पोचला गो, बाबांक पोचला!" काकूने देवाला हात जोडले आणि सगळे घाईघाईने पानांवर बसले. मीही पोटभर जेवले. खीर दोनदा घेतली. तो भात मी अगदी मजेत खाल्ला, हे मला मुद्दाम आठवतं, कारण त्यानंतर बरेच दिवस मला भात खाता आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू झोपली होती. मी विहिरीशी केळीच्या सावलीत बसले होते. खिडकीच्या फळीवर कावळा उतरला. त्याने ताटली चोचीने ढकलली, ती पडवीत पडून खणखणली, आणि त्याने अण्णांच्या वाटीत चोच घातली. मी ओरडायच्या आत वाटीही उपडी झाली. भात सगळा मातीत. आवाज ऐकून आई धावत आली. तिने कावळ्याला हाकललं नाही. मातीतल्या भाताकडे बघत उभी राहिली, मग खाली बसली, आणि पदर तोंडात कोंबून रडली. मी आईला तोवर रडताना पाहिलं नव्हतं. अण्णांना निरोप देतानासुद्धा ती रडली नव्हती.

आठ वर्षांच्या पोरीला एवढं पुरे असतं. जी माणसं घरात नाहीत त्यांच्यासाठी भात. कावळा नेऊन पोचवतो. पोचला. आणि आई रडली, म्हणजे तिलाही कळलं. अण्णा आता आजोबा गेले तिथे गेले. काका रोज पेपर वाचून आवाज खाली आणत होते, शेजारणी गवार मोडत होत्या, कुणाला काही पत्ता नव्हता. फक्त आईला ठाऊक आणि मला ठाऊक, आणि आई बोलत नव्हती. मग मीही बोलायचं नाही. बोललं की खरं होतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण त्या वयात ते आपोआप ठाऊक असतं. मी ती गोष्ट गिळली आणि तिथून पुढे दुसरं काही गिळता येईना.

संध्याकाळी पानावर भात आला आणि मला उबळ आली. पांढरी वाफाळती मूद, वर आमटी, हुबेहूब वाटीतल्यासारखी. तो भात मला कुणाचा तरी वाटला. मी बोटांनी चिवडला, पसरला, थोडा मुठीत घेतला आणि सगळे उठेपर्यंत तसाच धरून ठेवला. बाहेर टाकावा तर कावळे. म्हणून फ्रॉकच्या खिशात. रोज तेच. भाकरीचा तुकडा कसाबसा उतरायचा, तोही पाण्याबरोबर. आणि दुपारी काकूने सुपात निवडायला घेतलेले तांदूळ मात्र मी मुठीने खायची. कच्चे, कडकड वाजणारे. त्यांची भीती वाटत नसे. म्हाळाच्या पानावर कच्चे तांदूळ मी पाहिलेच नव्हते, म्हणजे ते कुणाकडे पोचत नसणार.

काकूने विहिरीवर कपडे धुताना माझ्या खिशातून वाळून कडक झालेला भाताचा गोळा काढला. तिचा आवाज शेजारच्या गोठ्यापर्यंत गेला असेल. "ह्या काय गो? रेशनचो भात, आणि तू खिशात भरतंस? तुका काय झालाहा? तांदूळ खातंस, भात खाणंस नाय. पांढरीफटक पडलंस. काय होया तुका, सांग तरी!" काकूचा राग फार वेळ टिकत नसे. तिने मीठमोहऱ्या आणि सुक्या मिरच्या घेऊन माझी दृष्ट काढली आणि ते सगळं चुलीत टाकलं. मिरच्यांचा ठसका आला नाही, तेव्हा दृष्ट जबरदस्त होती असं ठरलं. घावणे केले, त्यावर गूळ दिला. मी घावण्याचा कोपरा चघळला आणि ठेवून दिला, कारण घावणे तांदळाचे. स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी जीभ बघितली, पोट दाबलं आणि लालभडक टॉनिक दिलं. ते मी आवडीने प्यायले.

आणि पायरीवरच्या बायका म्हणाल्या, "आईवर गेलीय हो. बापाचा ध्यास घेतलाय पोरीने." त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. त्या घरात इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणी माझ्याकडे नीट बघितलं होतं. न जेवणं ही काहीतरी चांगली गोष्ट आहे, हे मलाही उमजलं.

पण खरी धडपड वेगळी होती. मी कावळ्यांवर पाळत ठेवायला लागले. शाळेतून आले की काकांच्या मुलांचा विटीदांडूतला मोडका दांडू घेऊन परसात उभी. आई रोज नव्याने वाटी काढायची. आता त्यावर ताटली आणि ताटलीवर दगड. माझं मन मला दोन गोष्टी सांगायचं. एक, अण्णा गेले. दुसरी, पुन्हा कावळा शिवला नाही तर कदाचित तो एक घास मोजला जाणार नाही. तेव्हाच्या बोरीवलीत कावळ्यांना काही तोटा नव्हता. एक हाकलावा तर दोन येत. माझे दंड दुखायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि आई आतून नुसती हाक मारायची, "सुमन, उन्हात उभी राहू नकोस." तिने बाहेर येऊन विचारावं असं मला फार वाटायचं. ती आली नाही. तिला स्वतःचंच ओझं पुरेसं होतं, हे आज कळतं. तेव्हा वाटायचं, आपल्या दोघींना एकच गोष्ट ठाऊक आहे आणि तरी ही माझ्याशी बोलत नाही.

इथेच सांगून टाकते, अण्णा परत आले. उशिरा आले, वाळून आले, पण आले. त्यांनी तिकडची एकही गोष्ट सांगितली नाही. जेवायला बसले की डावा हात ताटाभोवती ठेवायचे, जणू कुणी ताट ओढून नेणार आहे, आणि इतक्या भराभर जेवायचे की आईला वाढायला सवड मिळत नसे. पानात शीतही उरत नसे. आम्ही कुणी त्यांना कधी काही म्हटलं नाही. लढाई कुठे कुठे राहते, कुणी सांगावं. पण त्या पंधरवड्यात अण्णा येतील हे मला ठाऊक नव्हतं, आणि या लेखात ज्या मुलीबद्दल मी सांगते आहे ती तेव्हा रोज थोडी थोडी कमी होत होती. फ्रॉकची बटणं मागे घ्यावी लागली होती.

सर्वपित्री अमावस्येला सगळ्यांचंच पान. ज्यांची तिथी चुकली, ज्यांची माहीत नाही, ते सगळे त्या दिवशी. काकांनी परसात पान ठेवलं आणि नेमका त्या दिवशी कावळा येईना. माडावर तीन बसले होते, पण हलेनात. मी बरेच दिवस दांडू फिरवत होते, त्याचा तो परिणाम असणार, पण हे काकांना काय माहीत? आमची माणसं अशा वेळी काय करतात, तर गेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल ते अंदाजाने मोठ्याने बोलायचं आणि वचन द्यायचं. बरोबर गोष्ट सापडली की कावळा येतो. काकांनी सुरुवात केली. "बाबानूं, घराचा कौल शाकारून घेतंय." कावळा नाही. "थोरल्याचा शिक्षण करतंय." कावळा नाही. मुलगे भुकेने चुळबुळत होते. काकू दारात, आई तिच्या मागे. काका थांबले, घसा खाकरला आणि मऊ आवाजात म्हणाले, "तुमच्या धाकट्याची काळजी लागली हा काय तुमका? तुमचो मोहन..."

मोहन हे अण्णांचं नाव. ते उच्चारलं आणि एक कावळा माडावरून सुटून भिंतीवर येऊन बसला.

"इलो, इलो!" काका पुटपुटले.

मी पानाशी ठेवलेला पाण्याचा गडू उचलला आणि सगळ्या ताकदीनिशी कावळ्यावर फेकला. गडू भिंतीवर आदळला, कावळा उडाला, पाठोपाठ माडावरचे दोघेही. "नाव नका घेऊ!" मी किंचाळत होते. "अण्णांचं नाव नका घेऊ त्याच्यापुढे!" काकांचा हात वर गेला होता, तो तसाच राहिला. आईने मला दंडाला धरून फरफटत स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"काय केलंस हे? का केलंस?"

आणि मग ते माझ्या तोंडून बाहेर पडलंच. "तो अण्णांचं खातो. त्या दिवशी वाटीतलं खाल्लं. पोचलं ना? अण्णा मेले ना? तू रडलीस ना तेव्हा?"

चुलीवर खिरीचं पातेलं होतं, त्याला साय धरली होती. बाहेर काका पुन्हा "काव, काव" करायला लागले होते. आई खाली बसली आणि तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"सुमे, तो भात अण्णांचा नव्हता."

"मग कुणाचा?"

"माझा."

मला कळलं नाही. ती हळूच, दाराकडे बघत बोलत होती. "दुपारी काकू झोपली की मी खायचे. चारचौघांत जास्त वाढून घ्यायची लाज वाटते गं. सगळ्या म्हणतात हिला अन्न गोड लागत नाही. मग कसं मागायचं? नवरा लढाईवर आणि ही डावावर डाव घेते, असं म्हणतील. म्हणून ह्यांच्या नावाने काढते. अण्णा बरे आहेत. काकांना परवाच पत्र आलंय त्यांचं."

"मग रडलीस कशाला?"

आईने मान खाली घातली. "भूक लागली होती," ती म्हणाली.

दार करकरलं. काकू उंबऱ्यात उभी होती, हातात वड्यांची परात. तिने किती ऐकलं होतं ते तिच्या तोंडावरच दिसत होतं. मला वाटलं आता घर डोक्यावर घेणार. आई चटकन उभी राहिली, पदर सारखा करत म्हणाली, "वैनी, मी..."

"माका सांगूक काय झालेला?" काकू म्हणाली. आवाज मोठा नव्हता, आणि म्हणूनच मी घाबरले. "मी काय वैरीण आसंय तुझी? माका वाटला दुःखान खाणंस नाय. मी आपला समजान घेय आणि डाव मागे घेय." तिने परात खाली आपटली. भिंतीशी लावलेला पाट ओढला. केळीचं पान मांडलं, आणि आईला खांद्याला धरून बसवलं. "बस हय."

"वैनी, अजून कावळा शिवला नाही. पुरुष माणसं बाहेर..."

"गेलेली मानसा थांबतली. तेंका काय घाई हा?" काकूने पातेल्यात डाव बुडवला. एक डाव, दुसरा, तिसरा. वर सांबार, दोन वडे, खीर पानावरून ओघळेपर्यंत. "आणि हात आडवो केलंस तर बघ."

आईने पहिला घास घेतला तेव्हा ती आमच्या दोघींकडे बघत नव्हती. मग ती जेवायला लागली. खाली मान घालून, न थांबता, भात कालवून, वडा मोडून, बोटं चाटून. घाम आला तरी पुसला नाही. काकूने न विचारता आणखी वाढलं आणि आईने हात आडवा केला नाही. तिच्या हनुवटीला शीत चिकटलं होतं. इतकं जेवणारी आई मी कधी पाहिली नव्हती. बाहेर काका अजून बोलावत होते. मी भिंतीला टेकून आईचं जेवण बघत होते, आणि बघता बघता मला भूक लागली.